बाभुळबनाचं पुस्तक

त्याचं नाव मी कधी विचारलं नाही. सत्तर-पंच्याहत्तर साली मी सोलापुरात मास्तर होतो आणि दर रविवारी सकाळी डबा-कॅमेरा घेऊन अक्कलकोट रोडपलीकडच्या बाभुळबनात भटकायचो. तो तिथं मेंढरं चारत असायचा. फोटोत मला बाभळी हव्या होत्या, मेंढरंही चालली असती. पण लाल पटका बांधून अखंड बडबडणारा हा माणूस नको होता.

"मामा, जरा बाजूला व्हा," मी म्हणायचो.

तो बिनतक्रार काठी बगलेत मारून बाजूला व्हायचा आणि तिथूनच टाळ्याला जीभ लावून टक्‌टक्‌ करत मेंढरं थोपवून धरायचा.

वर्षभरानं आवडते चोवीस फोटो निवडले, छापखान्यातून पुस्तकासारखे बांधून घेतले आणि ऐटीत त्यालाच आधी दाखवायला नेले. त्यानं हात धोतराला पुसले आणि एकेक पान सावकाश उलटलं. तेव्हा कुठं माझ्या ध्यानात आलं, की चोवीसांपैकी एकाही फोटोत तो नाही. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"मामा, तुमचा फोटो तेवढा..." मी चाचरलो.

"हाय की!" तो खदखदून हसला. जाड बोट त्यानं एका मेंढीच्या डोळ्यावर टेकवलं. "समदी कुणाकडं बगायल्यात, गुरुजी?"

मी पानं चाळली. पानोपानी सगळ्या माना चौकटीबाहेर, त्याच्याकडे वळलेल्या. माझ्याकडे बघत होत्या त्या फक्त बाभळी.