डब्यात उरलेली पुडी

गेल्या रविवारी मुंबईला गेट वेच्या धक्क्यावर मी भरलेली लाँच अडवून धरली. लाँचवाला भोंग्यावर भोंगे वाजवतोय, आणि मी पायरीवर उभा राहून ओरडतोय... "थांबा हो, माझं एक माणूस राहिलंय!"

मी बडोद्याचा, वाडी भागात राहतो. सयाजीगंजमधल्या एका टूर ऑफिससाठी गेली तीस वर्षं मुंबईच्या सहली नेतोय. गेट वे, घारापुरीची लेणी, म्युझियम, हँगिंग गार्डन, म्हातारीचा बूट, चौपाटी... झोपेतून उठवून विचारलंत तरी सांगेन, कुठे किती वेळ थांबायचं आणि कुठलं टॉयलेट स्वच्छ आहे ते.

अर्ध्या बडोद्याला मुंबई दाखवली मी. फक्त आमच्या उज्ज्वलाला, म्हणजे माझ्या बायकोला, नाही दाखवली.

सीझनमध्ये सीट गिऱ्हाइकाची. मग आईचं आजारपण, मग मुलीची बारावी... "पुढच्या सीझनला नक्की" हे मी तिला इतक्यांदा ऐकवलं की शेवटी शेवटी माझ्याआधी तीच म्हणायची आणि हसायची. मला वाटायचं, तिला चालतंय. काय सोयीस्कर समज असतात ना माणसाचे!

तिला बाकी काही बघायचं नव्हतं. फक्त लाँचमध्ये बसायचं होतं. लग्न झाल्या झाल्या सुरसागर तलावात बोटीतून एक चक्कर मारून आणली होती, तेवढंच तिचं पाणी. "धक्का सुटतो तेव्हा कसं वाटतं हो?" असं दर सहलीनंतर विचारायची. मी म्हणायचो, "पोटात ढवळतं." एवढंच. बूटसुद्धा न काढता.

त्यावरून तिने आवळासुपारी सुरू केली. थंडीत आवळे किसायचे, मीठ आणि आलं लावून अगाशीत, म्हणजे गच्चीवर, वाळवायचे, आणि माझी लिस्ट समोर ठेवून माणशी एक अशा कागदाच्या पुड्या बांधायच्या. लाँचमध्ये कुणाला मळमळलं तर तोंडात टाकायला.

मला त्याचा भलताच उपयोग झाला. लाँचमध्ये बसले की एकेकाच्या हातात पुडी देत जायचं... डबा रिकामा झाला की मोजणी पूर्ण. पुडी उरली म्हणजे माणूस राहिलं. एकदा एक काका कबुतरांना दाणे टाकत मागेच रमले होते, ते या पुडीनेच पकडून दिले. उज्ज्वलाच्या पुड्या कधी चुकल्या नाहीत.

यंदा मी काम सोडायचं ठरवलं होतं. शेवटच्या सहलीत चाळीस प्रवासी, आणि एक्केचाळिसावं नाव तिचं. लिस्ट घरी आणून दाखवली तर कितीतरी वेळ त्या नावावरून बोट फिरवत बसली. दुसऱ्याच दिवशी रबरी तळव्याच्या चपला घेऊन आली... लाँचमध्ये घसरायला नको म्हणून.

उत्तरायणाच्या, म्हणजे संक्रांतीच्या, आधी पुड्या बांधून झाल्या. उत्तरायणाच्या दुसऱ्या दिवशी तिला ताप आला आणि पाच दिवसांत सगळं संपलं.

ऑफिसात बसून तिचं तिकीट मीच रद्द केलं. लिस्टवरच्या नावावर रेघही मीच ओढली. मुलगी म्हणाली, "बाबा, नका जाऊ." पण घरात बसून तरी काय करणार होतो? फळीवरचा डबा उचलला आणि निघालो. उघडूनसुद्धा पाहिला नाही.

तर रविवारी लाँचमध्ये पुड्या वाटल्या. आणि एक उरली.

पुन्हा फेरी मारली... ज्याच्या त्याच्या हातात पुडी आहे. धावत पायऱ्यांवर गेलो, गर्दीत बघितलं, हाका मारल्या. तीस वर्षांत एक माणूस हरवलं नाही आणि शेवटच्या सहलीत हे? लाँचमधले बाकीचे लोक कुरकुरायला लागले होते.

आमच्या ग्रुपमध्ये मांजलपूरच्या ज्योत्स्नाबेन होत्या, माझ्याबरोबर तिसऱ्यांदा आलेल्या. लिस्ट हातात घेऊन त्या म्हणाल्या, "भाई, में बे वार गण्या. पूरा चालीस छे." दोनदा मोजलेत, पूर्ण चाळीस आहेत.

मी त्यांच्यावरच खेकसलो, "मग ही पुडी कुणाची?"

आणि बोलता बोलताच कळलं... कुणाची ते.

पुढचं नीट आठवत नाही. ज्योत्स्नाबेननी माझा हात धरून मला आत आणलं, बाकावर शेजारी बसवलं आणि लाँचवाल्याला निघायची खूण केली. त्या उज्ज्वलाला ओळखत होत्या. मागच्या वेळी तिच्यासाठी निरोप दिला होता त्यांनी, सुपारी छान झालीय म्हणून. त्यांनी पाण्याची बाटली पुढे केली. चाळीस प्रवाशांसमोर मी ढसाढसा रडलो. ज्योत्स्नाबेन, तुमचे उपकार मी विसरणार नाही. आणि खेकसल्याबद्दल माफ करा.

तीस वर्षं त्या लाँचमध्ये मी समुद्राकडे पाठ करून उभा राहिलोय, प्रवाशांना माहिती सांगत. परवा पहिल्यांदा बसून बघितलं, धक्का सुटतो तेव्हा कसं वाटतं ते.

पोटात ढवळत नाही गं, उज्ज्वला. खोटं सांगत होतो मी. कळतसुद्धा नाही आपण निघालो ते... आपण धक्क्याकडेच बघत असतो, आणि मधे पाणी आलेलं असतं.

पुडी अजून माझ्या शर्टाच्या खिशात आहे. फोडवत नाही. तुझी मोजणी बरोबरच होती... माणूस माझ्याकडूनच राहिलं.