मागं खेळणाऱ्याचं नाव

तंजावूरच्या राजवाड्यामागच्या, आपल्या मराठी लोकांच्या गल्लीत ‘सेम साइड’ अशी हाक मारलीत, तर तुळजाजी मान वळवतो. चिडत नाही. पूर्वी चिडायचा, एकदोघांची गचांडीही धरली होती त्यानं, पण माणूस किती दिवस चिडणार? आता ‘काय’ म्हणतो आणि चालू लागतो. लोकांना वाटतं, चला, निवळला एकदाचा. निवळला कसला, संपला तो. कसा संपला ते ऐका, कारण त्या एका गोलाबद्दल सगळं तंजावूर बोलतं आणि बाकीच्याबद्दल कुणी तोंड उघडत नाही.

तुळजाजी स्टॉपर बॅक होता. गोलकीपरच्या पुढं उभा राहणारा शेवटचा माणूस. आडवा बांधा, कपाळावर तीन खोका, आणि डाव्या गुडघ्याला जन्मभराची गाठ. शहाऐंशी साली खताच्या एका सरकारी कारखान्यानं त्याला रोजंदारीवर घेतलं. नाव कशाला घ्या कारखान्याचं. सकाळी पोती उचलायची, दुपारनंतर कारखान्याच्या संघातून खेळायचं. ‘चांगला खेळ, कायम करू’ असं साहेब दर वर्षी म्हणायचे, आणि हा येडा दर वर्षी ते खरं मानायचा.

चेंडू त्याच्या अंगावरून सहजासहजी पुढं जात नसे. पण मागं खेळणाऱ्याचं एक दुखणं असतं. त्यानं काम चोख केलं की काहीच घडत नाही. गोल होत नाही, टाळ्या पडत नाहीत, दुसऱ्या दिवशी पेपरात ओळ येत नाही. टाळ्या रघुपतीला. रघुपती तिरुवैयारुचा, संघाचा सेंटर फॉरवर्ड, तुळजाजीचा जिवाभावाचा मित्र, आणि आपल्याच मराठी घरातला. तो, तुळजाजी आणि गोलकीपर सूर्यनारायण मैदानात मराठीतच ओरडायचे. ‘मागं ये’, ‘सोड डावीकडं’, ‘धर त्या उंचाला’. समोरच्या अकरांना ओ का ठो कळायचं नाही. फार मजा यायची त्यांना त्याची.

कारखान्याच्या क्लबात जुनी इंग्रजी मासिकं यायची. त्यातल्या एकात स्कॉटलंडच्या कुण्या बॅकची सगळी कारकीर्द पानभर छापली होती. कुठल्या क्लबकडं किती वर्षं, किती सामने, किती गोल. गोल होते चार, तेही अकरा वर्षांत. तरी पानभर! तुळजाजीनं ते पान घडी करून घरी आणलं.

“अप्पा, बघा. तिकडं मागं खेळणाऱ्याचंही कुणी मोजतं.”

त्याचे अप्पा, प्रतापसिंह, तहसील कचेरीतले निवृत्त कारकून. घरात दोन खुर्च्या, त्यातली एक मोडकी, पण ऐट सरदाराची. त्यांनी चष्मा लावून फोटो न्याहाळला. “मोजूं देत. आपणांस मोजून घ्यायाची गरज नाही.”

तुळजाजीनं मग स्वतःच वही सुरू केली. तारीख, मैदान, समोरचा संघ, निकाल, आणि आपण कुणाला अडवलं ते. भाषा मराठी, अक्षरं तमिळ, कारण गल्लीतल्या बहुतेकांसारखी त्यालाही देवनागरी येत नव्हती. दर सामन्यानंतर अंघोळ करून तो ती वही लिहायला बसायचा. दोनशे चौदा सामने लिहिले त्यानं.

पेपरात नाव येण्याचा रस्ता तसा सोपा होता. गुरुमूर्ती नावाचा एक ड्रिलमास्तर तमिळ दैनिकाला खेळाच्या बातम्या पाठवायचा. सामना संपला की तो कडुनिंबाखाली बसायचा. खेळाडू त्याला कॉफी पाजायचे आणि जाता जाता आपलं नाव सांगून ठेवायचे. त्यात लाच कसली? कॉफी ती. रघुपती न चुकता जायचा. बॅक लोकही जायचे, आणि मग ‘बचावात अमक्यानं चांगला खेळ केला’ अशी एक ओळ पडायची.

तुळजाजीनं एकदा घरी विचारलं. अप्पा ताडकन उठून बसले. “ज्यांच्या पणज्यानें राजवाड्यांत तलवार धरिली, त्यांचा पोर आपलें नांव घेऊन ड्रिलमास्तराच्या दारी जाणार? ज्यास गरज आहे तो नांव विचारीत येईल.”

कोण येणार होतं विचारत? पण तुळजाजीनं ऐकलं. आठ वर्षं ऐकलं. अशी चूक तंजावूरात फक्त त्याच गल्लीतला माणूस करू शकतो.

एक्याण्णव सालच्या पोंगलच्या सुट्टीत राज्यपातळीची स्पर्धा तंजावूरला भरली. कारखान्याचा संघ उपांत्य सामन्यात पोचला. त्या दिवशी सूर्यनारायण तापानं फणफणलेला, म्हणून गोलात एक नवा पोरगा, तमिळ घरातला. एक-एक अशी बरोबरी होती, आपला गोल रघुपतीचा. पाच मिनिटं उरली असताना चेंडू तुळजाजीच्या पायात आला आणि समोरचा फॉरवर्ड त्याच्या पाठीवर. तुळजाजी ओरडला, “तिथंच राहा!” आणि न बघता चेंडू मागं गोलकीपरकडं ढकलला. सूर्यनारायणबरोबर हे त्यानं शेकडो वेळा केलं होतं. पण ओरडला तो मराठीत. नव्या पोराला एवढंच कळलं की आपल्याला काहीतरी सांगितलंय, आणि तो चेंडू घ्यायला पुढं धावला. चेंडू त्याच्या बाजूनं गेला. जोरही नव्हता त्याला. सगळ्या मैदानानं तो सावकाश आपल्याच गोलात जाताना पाहिला.

दुसऱ्या दिवशी पेपरात दहा ओळी. पहिल्या सहांत रघुपतीचा गोल, शेवटच्या चारांत ‘स्टॉपर तुळजाजी याच्या सेम साइड गोलामुळे संघ हरला’. पाच वर्षांत पहिल्यांदा नाव छापून आलं ते असं. अप्पांनी तो पेपर कुणाशी न बोलता फाडला आणि बंबात घातला.

त्यानंतर तीन वर्षं गेली. दिल्लीनं परदेशी मालाला दारं उघडली म्हणे, आणि इकडं कारखान्यानं आपली लावून घेतली. चौऱ्याण्णव साली नोटीस लागली. संघ बंद. भरती बंद. रोजंदारीच्या खेळाडूंपैकी एकाला कायम करणार, बाकीच्यांनी आपापला रस्ता धरावा. अट एकच, राज्यपातळीच्या स्पर्धेत खेळल्याचं प्रमाणपत्र, नाहीतर पेपरातलं कात्रण.

तुळजाजी तेव्हा एकतीस वर्षांचा. दुसरं काम येत नाही, गुडघा पोती उचलू देत नाही. पापनाशमच्या भुवनाशी लग्न ठरून दोन वर्षं झालेली, पण तिच्या घरचे म्हणत, कायम झाला की तिथी काढू. म्हणजे सगळं त्या एका जागेवर अडलेलं.

प्रमाणपत्रं फक्त अंतिम सामना खेळलेल्या दोन संघांना मिळाली होती. राहिलं कात्रण. आणि कात्रण म्हणजे ते एकच, सेम साइडचं. तुळजाजीनं नोटीस दोनदा वाचली. चांगलं खेळल्याचं कात्रण पाहिजे असं त्यात कुठंही लिहिलेलं नव्हतं. खेळल्याचं पाहिजे होतं, बस्स. ज्या चार ओळींची त्याला तीन वर्षं लाज वाटली, त्याच आता त्याला हव्या होत्या.

तो तिरुचीला दैनिकाच्या कचेरीत गेला. तिथं सहा महिन्यांपलीकडचे अंक ठेवत नाहीत. गावातल्या रद्दीवाल्यांकडं गेला. तीन वर्षांपूर्वीची रद्दी कुठं, तिच्यात केळी बांधून झाली होती. मग त्याच्या डोक्यात आलं, रघुपती! त्याचा गोल त्याच बातमीत होता, आणि रघुपती आपलं प्रत्येक कात्रण जपतो. पण जागा एक, आणि रघुपतीही उमेदवार. तरी तुळजाजी तिरुवैयारुच्या बसमध्ये बसला.

रघुपतीनं फाइल लगेच काढली. इतकंच नाही, तुळजाजी काय मागतोय ते कळल्यावर म्हणाला, “घे, तूच लाव. माझ्याकडं अजून तीस आहेत.” मित्र असावा तर असा, असं तुळजाजीला त्या घडीला वाटलं. त्यानं पानं उलटली. पोंगल, एक्याण्णव. सहा ओळी व्यवस्थित चिकटवलेल्या. त्याखाली कोरा कागद.

“बाकीचं कुठाय?”

रघुपतीनं त्या कोऱ्या जागेवरून बोट फिरवलं.

“रघु, बाकीच्या चार ओळी?”

“कापल्या रे मी तेव्हाच, विसरूनच गेलो होतो,” रघुपती खालच्या आवाजात म्हणाला. “माझी फाइल चारचौघं बघतात. तुझं नाव तसं छापलेलं मला बघवेना. तुझ्यासाठीच कापल्या, तुळजा.”

आता काय करायचं अशा माणसाला? मारायचं? शत्रूनं कापल्या असत्या तर निदान शिव्या तरी घालता आल्या असत्या. तुळजाजीनं फाइल मिटून त्याच्या मांडीवर ठेवली.

“मी सांगेन मुलाखतीच्या बोर्डाला, तू खेळलास म्हणून,” रघुपती त्याच्यामागं बसथांब्यापर्यंत आला. त्यानं सांगितलं की नाही, हे तुळजाजीनं पुढं कधी विचारलं नाही. विचारायची हिंमतच झाली नाही.

मुलाखतीला तिघं बसले होते. मधले साहेब मद्रासहून आलेले. तुळजाजीनं आपली वही पुढं केली, सोबत घडीचं ते स्कॉटलंडवाल्याचं पानही, असं लिहितात हे दाखवायला. मधल्या साहेबांनी पान बाजूला सारलं आणि वही उघडली. अक्षरं तमिळ, वाचता येत होती. दोन ओळी त्यांनी अडखळत मोठ्यानं वाचल्या. आपण काय वाचतोय ते त्यांना कळेना, शेजारच्यांनाही कळेना.

“काय आहे हे?”

“मराठी, सार. माझे सामने. दोनशे चौदा.”

“लिहिलेत कुणी?”

“मीच.”

“स्वतःच्या हाताचं कसं चालेल?” त्यांनी वही मिटली. मग त्याच्या कपाळाकडं पाहत राहिले. “थांब जरा. पोंगलची ती सेमीफायनल. मी होतो बघायला. तो सेम साइड गोल... तूच ना तो?”

तीन वर्षांत त्या प्रश्नावर तुळजाजीनं लोकांशी भांडणं केली होती. आज तो खुर्चीत सरळ झाला. “होय सार. मीच घातला तो गोल.”

तिघंही हसले. वाईट हसणं नव्हतं ते, उलट जुनी ओळख निघाल्यासारखं होतं. कारखान्याच्या साहेबांनाही आठवलं, तिसऱ्यांनाही आठवलं. चेंडू कसा हळूहळू गेला ते एकानं टेबलावर बोट फिरवून दाखवलं.

“मग सार, तुम्ही पाहिलंत ना मला खेळताना,” तुळजाजी म्हणाला. “तुम्हीच पाहिलंत.”

“पाहिलं की. पण फाइलला काय लावू? माझे डोळे लावू?” मधल्या साहेबांनी त्याच्या अर्जावर दोन शब्द लिहिले आणि पुढच्याला आत बोलावायला सांगितलं. ‘पुरावा नाही.’ उलटं वाचायची सवय नसूनही तुळजाजीला ते वाचता आलं.

जागा रघुपतीला मिळाली. पापनाशमहून काही निरोप आला नाही, आणि न येणं हाच निरोप होता. घरी अप्पांनी विचारलं, काय झालं. तुळजाजीनं सगळं सांगितलं, एक शब्द गाळला नाही. शेवटी म्हणाला, “एक कागद हवा होता, अप्पा. तुम्ही जाळलात तो.” त्या रात्री अप्पा जेवले नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी अप्पा घरात नव्हते. कॉफी न्यायचा झाकणाचा पितळी कूजाही जागेवर नव्हता. तुळजाजीच्या मनात पाल चुकचुकली. तो गुरुमूर्ती राहायचा त्या स्टेशन रस्त्याला वळला, आणि दिसलंच. गुरुमूर्तीच्या दारात अप्पा उभे. धुवट धोतर, खांद्यावर जरीकाठी उपरणं, लग्नाला निघाल्यासारखे, आणि हातात तो कूजा. गुरुमूर्ती दात घासता घासता बाहेर आला होता.

“माझ्या मुलाचं नाव छापायचंय,” अप्पा त्याला तमिळमध्ये सांगत होते. “तुळजाजी. फुटबॉल खेळतो.”

गुरुमूर्तीला आठवेना. तोंडातला फेस थुंकून त्यानं पुन्हा विचारलं, कोण तुळजाजी. मग त्याचा चेहरा उजळला. “ओ! सेम साइड!”

अप्पांनी मान खाली घातली आणि पुन्हा वर केली. “होय. तोच.”

“पण सार, संघ तर बंद झाला. आता खेळतो कुठं तो? काय म्हणून छापू?”

तुळजाजी रस्त्याच्या अलीकडं उभा राहून हे ऐकत होता. त्याला बापाची दया यायला हवी होती. आली नाही. आली ती चीड, इतकी की डोळ्यांपुढं अंधारी आली. आठ वर्षं हाच म्हातारा या दारी जाऊ नको म्हणत होता. तो रस्ता ओलांडून गेला आणि अप्पांच्या हातातून कूजा काढून घेतला.

“त्यांस कॉफी तरी घेऊं दे,” अप्पा मराठीत म्हणाले.

तुळजाजीनं झाकण काढलं, कॉफी तिथंच गटारात ओतली आणि घराकडं चालू लागला. अप्पा मागून येत होते. खांद्यावरून घसरलेल्या उपरण्यात पाय अडकून ते एकदा ठेचकाळले, ते त्याला ऐकू आलं. त्यानं वळून पाहिलं नाही.