पांढऱ्या ड्रमातला पहिला गठ्ठा

चंद्रपूर जिल्ह्यातल्या एका मोठ्या सिमेंट कारखान्यात मी टाइम ऑफिसचा बाबू होतो. कोण किती वाजता आत आला आणि किती वाजता बाहेर गेला, हे लिहायचं काम. नव्वदच्या दशकाचा शेवट जवळ आला होता. एक दिवस मॅनेजरसाहेबांनी बोलावून सांगितलं, हेड ऑफिसचा हुकूम आहे, कारखान्यातला कचरा वेगवेगळा करून पुन्हा वापरायला पाठवायचा, आणि ही मोहीम तुम्ही सांभाळायची. मीच काऊन, हे विचारायची माझी हिंमत झाली नाही. बाकीच्या बाबूंनी आधीच हात वर केले होते, हे मला मागून कळलं.

एकदा गळ्यात पडलं म्हटल्यावर मी मात्र अंग मोडून कामाला लागलो. वेल्डिंग शॉपकडून ग्रीसचे रिकामे ड्रम कापून घेतले, रंगवले. पांढरा कागदाला, निळा प्लास्टिकला, काळा लोखंडाला, हिरवा कँटीनच्या उष्ट्याला. तोवर ऑफिसातला कागद कँटीनमागं जळायचा, नाहीतर आलूबोंड्याखाली जायचा. हे सगळं आपण बंद करणार, असं मी घरी बायकोला सांगत होतो. ती म्हणाली, आधी आपल्या माळ्यावरचे डबे काढा.

उद्घाटन वर्षाच्या शेवटच्या दिवशी ठरलं. हेड ऑफिसला मोहीम त्याच वर्षाच्या अहवालात दाखवायची होती, म्हणून ही घाई. मॅनेजरसाहेबांना फीत कापायची होती. मी म्हटलं, साहेब, फीत कशाला, पहिला कागद आपल्या झाडूवाल्या बाईच्या हातून ड्रमात टाकू. साहेबांना कल्पना आवडली. मला तर इतकी आवडली की दोन दिवस मी स्वतःवरच खूश होतो.

बाई मी मनात ठरवून टाकली होती. डोंगराकडच्या जंगलातल्या गावाहून रोज तासभर पायी येणारी, माझ्यापेक्षा दहाएक वर्षांनी मोठी. ती मला भाऊ म्हणायची, मी तिला बाई. झाडूवाल्या सगळ्या ठेकेदाराच्या, आमच्या रजिस्टरात त्यांची नोंद नसायची. त्यांना महिन्याचं एक पिवळं कार्ड मिळायचं. त्यावर नाव, हजेरीच्या चौकटी आणि आमच्या गेटचा गोल ठप्पा. महिना संपला की जुनं कार्ड माझ्याकडे जमा, नवं हातात. जुनी कार्डं मी पोत्यात कोंबून मागच्या गोदामात फेकायचो. ही एकटी बाई मात्र दर महिन्याला खिडकीशी येऊन उभी राहायची.

"भाऊ, माहं जुनं कार्ड मले वापस द्या."

"काय करता त्याचं?"

"ठप्प्याचं हाये. राहू द्या घरी."

नियमात बसत नव्हतं, पण तिच्याशी वाद घालण्यापेक्षा कार्ड देणं सोपं होतं. असं कितीतरी वर्षं चाललं. म्हणून उद्घाटनाच्या आदल्या दिवशी मीच तिला म्हटलं, बाई, उद्या पहिला कागद तुमाले टाकायचा आहे, तुमच्या घरी तो कार्डांचा गठ्ठा असेल न, तोच आणा. लय शोभून दिसेल.

तिनं आणला. वाखाच्या दोरीनं बांधलेला, दोन विटांएवढा गठ्ठा. महिन्याचा शेवटचा दिवस होता, त्यामुळं चालू महिन्याचं कार्डही मी सकाळीच जमा करून लगेच तिला परत दिलं, आणि तिनं तेही वरून बांधलं. मंडपात माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाली, "भाऊ, ठप्पे हायेत याच्यावर."

"जुने आहेत बाई. आता त्याले कोणी विचारत नाई."

असं मी अगदी बेफिकिरीनं बोललो. हेड ऑफिसच्या साहेबांचं भाषण झालं, टाळ्या झाल्या, बाईनं गठ्ठा पांढऱ्या ड्रमात टाकला. तेवढ्यात फोटोवाला ओरडला की फ्लॅश पडलाच नाही. मी ड्रममध्ये कंबरेपर्यंत वाकून गठ्ठा वर काढला आणि पुन्हा तिच्या हातात दिला. दुसऱ्या वेळी तिनं सोडायला वेळ लावला. गठ्ठा ड्रमावर धरून ती तशीच उभी राहिली. सगळे पाहत होते. मी मागून म्हटलं, "टाका बाई, टाका न." मग टाकला.

नवीन वर्षाच्या दुसऱ्या दिवशी रद्दीचा ट्रक येऊन गेला. माझी मोहीम मात्र रुळावर यायला तयार नव्हती. पांढऱ्या ड्रमात कागद कमी आणि सुपारी-तंबाखूच्या खर्ऱ्याच्या पन्न्या, पिचकाऱ्या जास्त. आमच्या भागात माणूस जेवणाशिवाय एक वेळ राहील, खर्ऱ्याशिवाय राहणार नाही. मी तोंडाला येईल ते बोलत सगळ्या शॉपमधून फिरलो. एक क्रेनवाला मला शांतपणे म्हणाला, "भाऊ, खर्ऱ्याच्या पन्नीले तुमी कोन्ताच रंग नाई देल्ला." शेवटी पाचवा ड्रम ठेवला, बिनरंगाचा, फक्त खर्ऱ्यासाठी. सगळ्या मोहिमेत लोकांनी मनापासून वापरला तो हाच.

त्याच संतापाच्या दिवसांत, तिसऱ्या तारखेला, बाई सासऱ्याला घेऊन गेटवर आली. म्हातारा वाळून काटक झालेला, खांद्यावर घोंगडी, हातात बांबूची जाड नळी. गठ्ठा परत पाहिजे म्हणे. मी सांगितलं, ट्रक काल गेला. म्हाताऱ्यानं विचारलं, ट्रक कुठी गेला? मी म्हटलं, मले काय माहीत, कुठल्या तरी कागदाच्या कारखान्यात गेला असेल, आतापर्यंत त्याचा लगदा झाला असेल.

म्हातारा खाली बसला आणि त्यानं बांबूच्या तोंडातला बोळा काढला. आतून पावत्या निघाल्या. धुरानं पिवळ्या पडलेल्या, गुंडाळी करून ठेवलेल्या. जंगलाच्या जमिनीवर तो बापापासून शेती करत होता. त्याला तिकडे जबरान जोत म्हणतात. दरसाल जंगलखात्याचा गार्ड यायचा, दंड करायचा, पावती फाडायचा. दुसरा कोणी असता तर दंडाची पावती चुलीत घातली असती. याच्या गावात ती जपायची रीत होती. चुलीवरच्या आढ्याला नळी टांगायची, म्हणजे धुरामुळं वाळवी लागत नाही.

"काऊन ठेवता एवढ्या?" मी विचारलं.

"एक दिवस साहेब इचारन, कवापासून जमीन वाहून राह्यला? मंग मी काय सांगू? त्यानंच लिहून देल्लं हाये न. ठप्पा हाये."

मला हसू आलं. दंडाचा कोणी अभिमान धरतो का, असं मी म्हटलंही. म्हातारा माझ्याशी भांडला नाही. सुनेकडे पाहून एवढंच बोलला, "ठप्पा देऊन आली." बाईनं मान खाली घातली. मी घड्याळ पाहिलं आणि आत निघून आलो, कारण मला पाचव्या ड्रमाची परवानगी घ्यायची होती.

पुढं उन्हाळ्यात हेड ऑफिसनं मोहिमेची प्रगती मागितली. पांढरा ड्रम काही भरेना. तेव्हा मला मागचं गोदाम आठवलं. वर्षानुवर्षांची जुनी कार्डं पोत्यांत पडून होती. सगळी बाहेर काढून टाका, असं मी बायांना सांगितलं. दोन दिवसांनी गेटवरच्या शिपायानं मला बोलावलं. त्यानं बाईला पोत्यासकट धरलं होतं. पोत्यात पिवळी कार्डं, बायांची, बाप्यांची, सरमिसळ. ड्रमातून वेचून काढलेली.

माझं डोकंच सणकलं. एक तर माझा ड्रम रिकामा राहत होता, त्यात माझीच बाई तो रिकामा करून राह्यली होती. मी म्हटलं, "बाई, हे तुमचं आहे का? तुमाले वाचता तरी येते का कोणाचं काय आहे ते?"

"नाई येत," ती म्हणाली. "ठप्पा दिसते न. ज्याचं हाये त्याचं हाये. मी ठेवतो घरी."

शिपाई म्हणाला चोरीची नोंद करू. नोंद झाली असती तर तिचं काम त्याच दिवशी गेलं असतं. मी तिला दहा गोष्टी ऐकवल्या आणि मग गेटपासवर "टाकाऊ कागद" लिहून सही केली. चांगुलपणानं केली असं म्हणायला मला आवडलं असतं. खरं सांगायचं तर जेवणाची सुट्टी झाली होती आणि मला भूक लागली होती. पुढचे तीन दिवस ती रोज एक पोतं घेऊन गेली आणि मी रोज सही केली.

त्यानंतर काही वर्षं गेली. दोन हजार साल उलटलं, ठेकेदार दोनदा बदलले. जुन्या ठेकेदारांनी आपापली रजिस्टरं नेली ती नेलीच. मग युनियननं झाडूवाल्यांसाठी भांडून एक गोष्ट मिळवली. त्या ठराविक वर्षात, म्हणजे आमच्या उद्घाटनाच्याच वर्षात, जी बाई पूर्ण वर्ष कामावर होती, तिला कारखाना कायम करणार. कायम म्हणजे दवाखाना, भरपगारी सुट्टी, म्हातारपणी पेन्शन. नाहीतर ठेकेदाराच्या मनात येईल त्या दिवशी घरी. अट एकच, कागद दाखवा. तोंडी चालणार नाही.

बायांच्या तोंडचं पाणी पळालं. कोणाकडे काही नव्हतं. दुसऱ्या दिवशी बाई दोघींच्या मदतीनं पोती घेऊन आली. आढ्याला टांगलेली पोती, धुराच्या वासाची. युनियनच्या शेडमध्ये सतरंजी टाकून ती ओतली. वाचायला मी बसलो. मी नाव वाचायचो, महिना वाचायचो, आणि जिचं असेल ती पुढं येऊन कार्ड घ्यायची. दुपारपर्यंत अकरा जणींचं वर्ष पूर्ण झालं. एक बाई कार्ड कपाळाला लावून रडत बसली. दुसरी म्हणाली, "मी तं हे फेकलं होतं वो माय."

 पण ज्या बाईनं पोती आणली तिचं नाव येणार नाही, हे मला पहिल्या कार्डापासून माहीत होतं. गोदामात तिचं कार्ड कधी पडलंच नव्हतं. ज्यांनी निष्काळजीपणे माझ्याकडे टाकली त्यांची वाचली, आणि जिनं एकटीनं जपली तिचा गठ्ठा मी मागून घेतला होता. उद्घाटनानंतरची तिची सगळी कार्डं घरी होती, एकही महिना चुकला नव्हता, पण ती सगळी पुढच्या वर्षांची. ती भिंतीला टेकून बसली होती आणि ज्यांची कार्डं निघत होती त्यांच्याकडे पाहून हसत होती. मला स्वतःची लाज वाटली. आजही वाटते.

मी तिला घेऊन चंद्रपूरला कामगार अधिकाऱ्याकडे गेलो. माणूस बरा होता, त्यानं आम्हाला बसायला खुर्च्या दिल्या. मी सगळं सांगितलं, माझी चूक लपवली नाही. तो म्हणाला, "तुमचं खरं असेल हो, पण मी फायलीत काय लावू?" तेव्हा मला फोटो आठवला. कारखान्याच्या त्या वेळच्या गृहपत्रिकेत उद्घाटनाचा फोटो छापून आला होता. घरी माळ्यावर, ज्या डब्यांवरून बायको बोलायची त्यातल्याच एकात, तो अंक निघाला.

पुढच्या आठवड्यात आम्ही पुन्हा गेलो. अधिकाऱ्यानं अंक उजेडात धरून पाहिला. बाईचा चेहरा स्पष्ट होता. दोन्ही हातांत गठ्ठा, अजून सोडलेला नाही. वरच्या कार्डावरचा गोल ठप्पासुद्धा दिसत होता. मागं कोपऱ्यात मी, तोंड उघडं, टाका न म्हणताना. खाली तारीख छापलेली.

"हे चालेल," तो म्हणाला, आणि माझ्या जिवात जीव आला. मग त्यानं कागदावर काहीतरी लिहिलं आणि पेन ठेवला. "यानं त्या वर्षातला एक दिवस होतो. बाकीच्या दिवसांचं आणा."

बाकीच्या दिवसांचं तिच्या हातात होतं, फोटोत. मी ते त्याला दाखवलं. त्यानं मान हलवली, त्यालाही वाईट वाटलं असावं, पण फोटोतलं कार्ड वाचता येत नव्हतं.

बाहेर व्हरांड्यात बाईनं विचारलं, "काय म्हने?"

"एक दिवस धरला, बाई."

"कोन्ता?"

"गठ्ठा टाकला तो."

 माझ्यावर चिडली असती तर मला बरं वाटलं असतं. तिनं माझ्या हातातून अंक घेतला, फोटोचं पान काढून पाहिलं, आणि दाराशी टेबलावर टपालावर ठप्पे मारत बसलेल्या शिपायाकडे बोट केलं.

"भाऊ, याच्यावर ठप्पा मारून देईन का तो?"

मी शिपायाला सांगून मारून घेतला. शाई वाळेपर्यंत ती अंक उघडा धरून उभी राहिली. मग पदरात गुंडाळला आणि आम्ही बस स्टँडकडे निघालो, कारण तिला दुपारच्या पाळीला झाडू मारायला जायचं होतं.