केरबानानाची विहीर आणि हवालदाराची ट्यूब

वर्षातले दहा महिने केरबानाना चारचौघांसारखा शेतकरी असे. दोन एकर रान, एक म्हैस, बायको मनुबाई आणि उशिरा झालेली एकुलती एक अंजना. चैत्र लागला की मात्र तो गावाचा मास्तर होई. गावाबाहेर थोरली विहीर होती, तीन परस खोल पाण्याची, दगडी पायऱ्यांची. सुट्टी लागली की लोक आपापली पोरं तिथं आणून सोडत आणि म्हणत, "नाना, ह्याला तेवढं पवायला शिकवा."

नानाची शिकवण्याची रीत एकच. पोराच्या कमरेला दोर, पाठीवर पांगाऱ्याच्या हलक्या लाकडाचा बिंडा आणि सातव्या पायरीवरून पाण्यात ढकलणं. पोर बुडे, वर येई, पाणी पिई, बोंब ठोकी. नाना वरून दोर सैल सोडत म्हणे, "हात मार. आता पाय मार." पाचव्या दिवशी बिंडा निघे, दहाव्या दिवशी दोर. पोरानं एकट्यानं विहिरीला तीन फेर मारले की घरचे लोक काठावर नारळ फोडत आणि नानाला पोळीचं जेवण घालत. मुलींनाही तो शिकवी. रानोमाळ विहिरी आहेत, पोरगी पाण्याला जाणारच, मग तिला पोहता यायला नको का, असं त्याचं म्हणणं होतं. तीस वर्षांत त्याच्या हातून एकाही पोराला अपाय झाला नव्हता. जत्रेत एखादा मिशीवाला गडी समोरून आला की नाना शेजारच्याला हळूच सांगे, "ह्यो माझ्या दोराचा."

बहात्तरचा पाऊस आला नाही. पुढच्या उन्हाळ्यात विहिरीचा तळ उघडा पडला आणि सगळं गाव दुष्काळी कामावर खडी फोडायला गेलं. त्या साली कोणीच पोहायला शिकलं नाही. चौऱ्याहत्तर साली विहीर पुन्हा भरलेली होती. नानानं बोटांवर हिशोब केला. दोन सालांची मिळून बावीस पोरं होत होती, शिवाय दहा वर्षांची अंजना. त्यानं घायपाताचा नवा दोर स्वतः वळला आणि आठ दिवस तेलपाणी करून मऊ केला.

पाडव्याला गावचाच मानसिंग हवालदार पलटणीतून पेन्शन घेऊन घरी आला. त्याच्यासोबत एक लोखंडी ट्रंक होती आणि ट्रकच्या चाकाची एक काळी ट्यूब. मानसिंग मितभाषी होता, कोणाला टाकून बोलायचा नाही. खरी अडचण तीच होती. तो बढाईखोर असता तर त्याचा राग करणं नानाला सोपं गेलं असतं.

पहिल्याच आठवड्यात पोरांनी पाळीपाळीनं पंप मारून ती ट्यूब भरली आणि विहिरीत सोडली. मानसिंग स्वतः पाण्यात उतरून ट्यूब धरी, पोराला आत बसवी आणि म्हणे, "पाय हलव. घाई न्हाई." रडारड नाही, बोंब नाही, नाकातोंडात पाणी नाही. नानाकडची पोरं बावीसची नऊ झाली, नवाची तीन, आणि हनुमान जयंतीच्या दुसऱ्या दिवशी एकही उरलं नाही. करंजाच्या सावलीत मांडीवर दोर घेऊन नाना बसून राही आणि येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवी, "ट्यूबीत बसून पवायचं म्हंजी पाळण्यात बसून चालायला शिकायचं." लोक हसत. नानाला बरं वाटे. दुसऱ्या दिवशी त्याच लोकांची पोरं ट्यूबमध्ये दिसत.

"भाकरी तर करपली न्हाई," मनुबाई चुलीपुढून म्हणाली, "मग जळाल्याचा वास कुठनं येतोय म्हणायचा?"

"गप जेवू दे."

"आबा, मी ट्यूबीत शिकू?" अंजनानं विचारलं.

"केरबाच्या पोरीनं दुसऱ्याच्या हाताखाली शिकायचं? गाव हसंल."

"मग तुमी शिकवा की. पर ढकलू नका."

न ढकलता कसं शिकवायचं, हे नानाला खरोखरच माहीत नव्हतं. साऱ्या गावानं पाठ फिरवली असती तरी चाललं असतं, पण ही एक पोर आपल्या हातून शिकली पाहिजे, एवढंच आता त्याच्या डोक्यात होतं.

त्या दुपारी ऊन असं होतं की कुत्रीसुद्धा बाहेर नव्हती. नाना विहिरीवर गेला. ट्यूब करंजाच्या फांदीला टांगलेली होती, गच्च भरलेली, तुकतुकीत. रबर केवढं जाड असतं ते तरी बघू, असं त्यानं स्वतःला सांगितलं. जवळच्या कुंपणातला बाभळीचा काटा मोडून त्यानं रबराला टेकवला. टेकवला आणि दाबला. बारीक सूं असा आवाज आला. तो ऐकून नाना काटा ओढायला गेला, तर काटा आत मोडला. मग तो मागं न बघता घरी आला आणि डोक्यावरून धोतर ओढून पडून राहिला, पण झोप आली नाही. ट्यूब अर्धीच उतरली आणि एखादं पोर तशीच घेऊन पाण्यात गेलं तर, या विचारानं तो दुसऱ्या दिवशी सगळ्यांच्या आधी विहिरीवर हजर झाला.

ट्यूब पुरती बसली होती. मानसिंगनं ती मांडीवर घेतली, बोटानं चाचपली आणि काट्याचं टोक काढून तळहातावर धरलं. एकदा त्यानं काट्याकडं पाहिलं, एकदा नानाच्या हातातल्या दोराकडं.

"कुणी केलं, काका?" पोरं ओरडली.

"काट्याचं काय, कुठंबी लागतोय," मानसिंग म्हणाला. "जावा, आज नानांकडं शिका. मलाबी त्यांनीच शिकीवलंय."

नाना उठला. दोराचा फास मोकळा करून त्यानं पुढं धरला. पोरांनी एकमेकांकडं पाहिलं. एकानं उगाच चड्डी वर ओढली. मग सगळी विटीदांडू खेळायला निघून गेली. अंजनाही त्यांच्यामागं गेली. नाना फास धरून तसाच उभा राहिला.

"तुला आठवतंय व्हय रं, मी शिकीवलेलं?" त्यानं शेवटी विचारलं.

"आठवतंय की. सातवी पायरी." मानसिंग म्हणाला. "रागावू नका, नाना. तीन फेर मारलं, नारळ फुटला, पर त्या दिसापास्नं मी परत हिरीत उतरलो न्हाई. स्वप्नात दोर यायचा. पलटणीत पवायची परीक्षा लागली तवा काठावर बसून रडलोय, बावीस वर्साचा बाप्या. मग एका उस्तादानं ट्यूबीत बसवलं. म्हनला, बस. तुला वाटंल तवा हात सोडू."

नाना खाली बसला. आपल्या दोराचे म्हणून ज्यांची नावं तो सांगे, ती त्यानं मनात एकामागून एक आठवून पाहिली. नारळ फुटल्यावर त्यातल्या किती जणांना विहिरीत पाहिलं होतं? चौघापाचजणांपुढं नावं सरकेनात. आणि या सगळ्यात त्याला स्वतःचीच लाज वाटावी अशी गोष्ट म्हणजे, कधीही न पाहिलेल्या त्या उस्तादाचाही त्याला हेवा वाटू लागला.

"आण ती हिकडं," तो म्हणाला. ट्यूब गळ्यात अडकवून तो भर उन्हात रहिमतपूरला निघाला. वाट गावातूनच जात होती. देवळाच्या पारावर भाऊसो बसला होता.

"नाना, ह्यो कसला हार?"

"पंक्चर काढायला चाललोय."

"हवालदाराची ट्यूब ना? मग तुमी कशाला?"

"काटा माझा हुता."

भाऊसो हसला. नाना हसत नाही हे दिसल्यावर त्याचं हसू थांबलं आणि तो पायाच्या अंगठ्यानं माती उकरत बसला. नाना पुढं गेला. बातमी आपल्या आधी घरी पोचणार, हे त्याला ठाऊक होतं.

उन्हं कलल्यावर तो परत आला तेव्हा विहिरीवर पोरं जमली होती. मानसिंगही होता. ट्यूबवर तांबडं ठिगळ होतं. ते बघून एकही पोर पुढं होईना.

"पैली माझी पोरगी बसंल," नाना म्हणाला.

"मग तुमीच धरा," मानसिंग म्हणाला आणि पायरीवर बसला.

नाना ट्यूब घेऊन पाण्यात उतरला. अंजना फ्रॉक आवळून एकेक पायरी खाली आली, शेवटच्या पायरीवर थांबली आणि मग ट्यूबमध्ये सरकली. तिनं दोन्ही हातांनी बापाचं मनगट धरलं. नानाच्या तोंडी "हात मार" एवढं आलं होतं. ते त्यानं गिळलं.

"सोडू?" त्यानं विचारलं. तीस वर्षांत कोणत्याही पोराला त्यानं हे विचारलं नव्हतं.

"नको. थांबा."

तो थांबला. मावळतीचं ऊन वरच्या पायऱ्यांवर गेलं. नानाचे पाय पाण्यात मारून मारून भरून आले.

"आता सोडा," ती म्हणाली.

त्यानं हात सोडला. ट्यूब जरा गोल फिरली, मग अंजनाचे पाय चालू लागले आणि ती हसली. त्याच्या दोराला बांधलेलं एकही पोर पहिल्या दिवशी असं हसलं नव्हतं. पण तिचं तोंड त्याच्याकडं नव्हतं. ती समोरच्या पायरीकडं चालली होती, जिथं मानसिंग बसला होता, आणि ओरडत होती, "हवालदारकाका, बघा की. मी एकटी आले."

मानसिंगनं मान डोलावली. नानाच्या छातीत पुन्हा तीच जुनी आग लागली.

"पाय सरळ ठेव," तो मागून मोठ्यानं म्हणाला, साऱ्या विहिरीला ऐकू जाईल असं.

तिचे पाय सरळच होते.