भट्टीपुढची बनियन

पाव आत सारण्याआधी निजामुद्दीन रोज चिमूटभर मैदा भट्टीत भिरकावत आणि तो तांबूस होईपर्यंत आकडे म्हणत. दहाच्या आत करपला तर भट्टी फार तापली. पंधरा ओलांडले तर आणखी लाकूड घालायचं. आर्णीच्या त्या बेकरीत तीस वर्षं हेच मोजमाप. स्वतःचं अंग किती तापलं, ते मात्र त्यांना कळत नसे.

एकोणसत्तरच्या भादव्यात ते दोनदा चक्कर येऊन भट्टीपुढे कोसळले. डॉक्टर म्हणाले, आता हे काम सोडा.

"सोडून करू काय? खाटेवर बसून माशा मारू?" अब्बा लेकीवर, अनवरीवरच उखडले. तिसऱ्यांदा पडले तर उठणार नाहीत, हे तिला दिसत होतं. घरी बसवलं तरी ते खंगणार, हेही.

खारी बांधायच्या रद्दीत तिला चंद्रावर गेलेल्या माणसांची बातमी सापडली. त्यांच्या जाड पोशाखाखाली बारीक नळ्या शिवलेला कपडा होता, नळ्यांतून गार पाणी फिरे. कशाला? तर पोशाख हवाबंद. घाम वाळत नाही, अंगातली उष्णता आतच कोंडते. म्हणजे माणूस स्वतःच्याच आचेनं उकडतो! तिनं ती ओळ दोनदा वाचली आणि तडक सायकलवाल्या अय्यूबचं दुकान गाठलं.

"वालट्यूब दे. बारा हात."

"एवढी काहून? चाचा चांदावर चालले काय?"

"तू दे ना गपचूप."

ती रबरी नळी तिनं जुन्या बनियनवर नागमोडी टाचली. एक टोक फळीवरच्या माठात, दुसरं खाली बादलीत. पहिल्या दिवशी माठाचं पाणी असं गार की अब्बांचे दात वाजले, बोटं आखडली आणि पावाची एक खेप करपली.

"भट्टीपुढे हुडहुडी! लोक हसतीन ना बेटी."

हसला अय्यूबच, पण नळी आवळायला स्क्रूचा एक चिमटाही त्यानंच करून दिला. पिळला की धार बारीक, सैल केला की मोठी. मग अब्बा मैद्याचे आकडे म्हणत, आणि अनवरी चिमट्यावर बोट ठेवून विचारी, "गरम का थंड?" उत्तर रोज वेगळं. लाकूड ओलं, आभाळ भरलेलं, अब्बा उपाशी, सगळ्यानं फरक पडे. तिला त्याचं नवल संपत नसे.

ते पुन्हा पडले नाहीत. डिसेंबरात एका पहाटे घरी, झोपेतच गेले. आदल्या दुपारी शेवटची खेप सारताना, मागे न बघता म्हणाले होते, "अनवरी, चिमटा ढिला कर थोडा. गरम होऊन राह्यलं."