वेसण घालणारा हात अन घबराटीची गोळी

२०२२ साल. माझं वय एकाहत्तर. वाशिमच्या दवाखान्यात खाटेवर पडलो होतो अन डॉक्टरीणबाई विचारत होत्या, "आजोबा, गोळी कधीपासून बंद केली?"

मी तोऱ्यातच सांगितलं, "तीन-चार रोज झाले. एकदम सोडली. तंबाखू बी अशीच सोडली होती."

"म्हणूनच तुम्हाला फिट आली," त्या म्हणाल्या. "ही तंबाखू नाही."

याले डिपेंडन्स म्हणतात म्हणे. म्हणजे अंगाले गोळीची इतकी सवय होते का तिच्याबिगर ते चालतच नाही. अन एकदम तोडली का विड्रॉवल होते. म्हणजे अंग बंड करते. हात कापतात, घाम सुटते, जीव थाऱ्यावर राहत नाही, फिट बी येते. मले राग आला. दारूले कधी हात लावला नाही, अन मी नशेबाज?

आमचं गाव आसेगावच्या बाजूले. काही वर्षांआधी कारंज्याले जातानी एसटीत छाती धडधडली, वाटलं आता मेलो. ईसीजी काढला, म्हणजे काळजाची पट्टी. ती चांगली निघाली. डॉक्टरनं पंधरा दिवसांपुरती घबराटीची गोळी देली. जीव असा निवला का काय सांगू. मग मी डॉक्टरकडे गेलोच नाही. मेडिकलवर रिकामं पाकीट दाखवायचं, नवं घ्यायचं. आमच्याकडे सारेच असं करतात, अक्षर नाही आलं तरी पाकिटाचा रंग ओळखू येते. असं करत वर्षं गेली. एका गोळीच्या दोन झाल्या.

एक दिवस सून, शोभा, म्हणाली, "मामाजी, तुमी दिवसा बी डुलून राह्यले. गोळीबिगर जमतच नाही का तुमाले?" ते मले झोंबलं. त्याच दिवशी बंद केली. पुढचं सांगितलंच.

डॉक्टरीणबाईनं गोळी पुन्हा सुरू केली अन थोडी थोडी कमी करू म्हणाल्या. "मी सांगीन तेव्हाच, मनानं नाही." गोळ्या शोभाच्या ताब्यात. आपल्या घरात आपलीच गोळी सुनेकडे मागायची!

ते महिने कसे गेले, मले माहीत. बसलो का उठावं वाटे, उठलो का बसावं वाटे. जेवता जेवता ताटावरून उठून कोठ्यात जाये, बैलांले पाणी दाखवून ये, पुन्हा जाये. शोभा म्हणे, "मामाजी, बैलं फुटतीन आता पानी पिऊन." दवाखान्यात नशा सोडवायच्या खोलीबाहेर बाकावर दुपट्टा तोंडावर घेऊन बसे. एकदा बाजूच्या माणसानं हळूच विचारलं, "मामा, कोनापासून लपून राह्यले? इथं सारे त्याच्याचसाठी आले." त्याचे बी हात कापत होते. मी दुपट्टा खाली घेतला.

पण माझं खरं दुखणं हाताचं होतं. गावात गोऱ्ह्याचं नाक टोचून पहिली वेसण घालायची तर मलेच बोलावतात. दाभण एकदाच जाते, दुसऱ्यांदा टोचावं लागत नाही. त्या हातात आता चहाचा कप वाजे.

पोळा जवळ आला. शेजारचा रामकिसन सांगून गेला, "काका, उद्या सकाळी आपल्या गोऱ्ह्याले वेसन घालाची हाय. तुमचाच हात पायजे." मी हो म्हटलं. नाही म्हणणं मले येतच नव्हतं.

त्या संध्याकाळी बैलाची झूल काढाले पेटी उघडली अन घडीतून पाकीट पडलं. मीच लपवलेलं. अर्ध्या गोळीवर आलो होतो तवा मेडिकलवरून गुपचूप आणलं होतं. दोन गोळ्या घेतल्या का सकाळी हात दगडासारखा राहीन, हे मले पक्कं माहीत होतं. पाकीट मुठीत घेऊन अंगणात येरझारा घातल्या. मग सयपाकघरात गेलो अन शोभाच्या पुढे ठेवलं.

तिनं ते पाह्यलं, मले पाह्यलं. "आनखी कुठी हाय?"

"एवढंच."

"मामाजी."

"खाटेच्या पायाखाली एक," मी म्हटलं.

ती हसली, पण डोळे पुसत होती. त्या पोरीचे उपकार मी तोंडानं कधी बोललो नाही, म्हणून इथं लिहून ठेवतो.

तुमच्या घरी कोणी रिकाम्या पाकिटावर अशी गोळी आणत असन, तर त्याले डॉक्टरकडे न्या. हिसकू नका. अन तुमीच खात असान, तर माझ्यासारखी मर्दुमकी करून एकदम सोडू नका.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी रामकिसनच्या कोठ्यात गेलो. दाभण त्याच्या हातात देली. "माझा हात कापते," मी चार माणसांपुढे म्हटलं. "तू टोच. कुठी टोचाचं ते मी सांगतो." अन गोऱ्ह्याचं तोंड दोन्ही हातांनी धरलं. तो थरथरत होता, मी बी थरथरत होतो, पण वेसण जाईपर्यंत मी त्याले सोडलं नाही.