ग्रेडिंगच्या आधी शिवलेला बेल्ट

‘आधी बघू तरी,’ असं म्हणत ती बेल्टची दोन्ही टोकं धरायची आणि फटकन ताणायची. तो आवाज शेजारच्या जीन्सवाल्या शेठच्या दुकानात जायचा. शिलाई टिकली तर नुसती मान हलवायची. उसवली तर बेल्ट काउंटरवर टाकून माझ्याकडे अशी बघायची, की मी मुकाट दुसरा काढायचो.

उल्हासनगरला कॅम्प चारमध्ये माझं कराटेचे ड्रेस आणि बेल्ट शिवायचं दुकान आहे. ती अंबरनाथ पूर्वेला, शिवमंदिराच्या रस्त्यावरच्या एका हॉलमध्ये मुलांना कराटे शिकवायची. मुलं तिला ताई म्हणायची, म्हणून मीही ताईच म्हणायचो. वयाने माझ्यापेक्षा चांगलीच लहान. माहेर वांगणीच्या पलीकडे, घरी भातशेती.

आता माझ्या धंद्यातली एक गोष्ट सांगतो, आणि सांगतानाच माझं डोकं तापतं. कराटेत बेल्टचा रंग बदलायचा तर ग्रेडिंग, म्हणजे परीक्षा द्यावी लागते. पण बहुतेक क्लासचे सर ग्रेडिंगच्या आधीच मला फोन करतात. पिवळे एवढे, हिरवे एवढे. जेवढी मुलं तेवढे बेल्ट. म्हणजे पोरांनी हात उचलायच्या आधीच त्यांचा निकाल माझ्या दुकानात शिवून, इस्त्री करून तयार! नंतरचे फोटो तुम्हीही व्हॉट्सॲपवर पाहिले असतील. रांगेत उभी पोरं, नवेकोरे बेल्ट आणि मागे छाती काढून उभे असलेले सर. धंदा आहे, मी शिवून देतो. पण ते फोटो मला दाखवायला आणू नका.

एकटी ताईच बेल्ट न्यायला ग्रेडिंग झाल्यावर यायची. पहिल्यांदा ती ड्रेस न्यायला आली, तेव्हा मी सवयीने आधीच विचारलं, ‘ताई, किती काढून ठेवू?’

‘भाऊ, मुलांनी अजून काय केलंच नाय. आधी बघू तरी.’

शेजारच्या दारात उभ्या शेठला राहवलं नाही. ‘अरे बहन, सबको पास कर दे ना. बच्चा खुश, माँ-बाप खुश, क्लास भी चलेगा.’

‘शेठ, जीन्सची चेन अडकत असेल तर तो पीस तुम्ही पास करता?’

शेठने आपला चहा उचलला आणि आत गेला.

मग कुतूहल म्हणून मी तिच्या ग्रेडिंगला जाऊन बसू लागलो. ती उभी राहून बघायची, एकेका मुलाला, शेवटपर्यंत. आईबाप धुसफुसायचे. एका बापाने तर केक आणला होता, त्यावर पिवळ्या क्रीमचा बेल्ट काढलेला. मुलगा नापास. बाप तणतणत आला, ‘मॅडम, आता ह्याचं काय करू?’

‘कापा की,’ ताई म्हणाली. ‘भूक लागली असेल पोराला.’ आणि स्वतःही एक तुकडा खाल्ला.

नापास झालेल्या मुलासमोर ती गुडघ्यावर बसायची, त्याचा जुना बेल्ट सोडून पुन्हा स्वतःच्या हाताने बांधायची. ‘हा अजून संपला नाय. नीट बांधत जा.’ पास झालेल्यांच्या कंबरेला तिने हात लावलेला मला आठवत नाही. ते आपला आपण बांधायचे. ह्या बाईला खडूस म्हणणाऱ्या आयांनी हे कधी पाहिलं नाही, कारण त्या तोवर रागाने खाली उतरलेल्या असायच्या.

मग कराटेच्या संघटनेने फर्मान काढलं की क्लास चालवायचा तर ब्लॅक बेल्टच हवा. ताई ब्राऊन, म्हणजे एक पायरी खाली. ‘अजून तयार नाय,’ म्हणून तीच परीक्षा टाळत आली होती. आता बसणं भाग होतं, नाही तर क्लास हातातून जाणार होता.

संघटनेच्या माणसाचा मला फोन आला, एक ब्लॅक बेल्ट, सोनेरी दोऱ्यात ताईचं नाव. परीक्षा आठवड्यावर होती. मला आनंदच झाला. बाकीच्या भुक्कडांना मिळतो, तर हिला का नको? मी इतकं जीव लावून कधी शिवलं नव्हतं.

परीक्षेला सगळी मुलं आली होती. मीही होतो. ताई काता करायला उभी राहिली. काता म्हणजे ठरलेल्या हालचाली, एकामागून एक. काय सांगू तुम्हाला! एकेक हालचाल रेखीव. फक्त एका वळणावर तिची टाच जराशी घसरली. परीक्षक साहेब तेव्हा मोबाइलवर अंगठा फिरवत होते. मान वर केली ती काता संपल्यावरच. ‘व्हेरी गुड, पास,’ म्हणाले आणि पिशवीतून बेल्ट काढला.

ताईने नाव वाचलं. मग माझ्याकडे पाहिलं. ‘भाऊ, हा कधी शिवला?’

‘गेल्या आठवड्यात,’ मी म्हणालो.

तिने बेल्टची घडी घातली, वाकून नमस्कार केला आणि तो टेबलावर ठेवला. ‘सर, पुन्हा करते. ह्या वेळी बघा.’

‘बघितलं मी!’

‘मग माझी टाच कुठे घसरली, सांगा.’

साहेब लालबुंद झाले. उद्धट बाई, संघटनेचा अपमान, असं काय काय बोलून, बेल्ट जमिनीवर फेकून तरातरा निघून गेले. क्लास गेला.

जिन्यात मी तिला गाठलं. मला दोघांचाही राग आला होता, खरं तर तिचाच जास्त. ‘घ्यायचा होता ना मुकाट! मुलांचं काय आता? एवढीशी टाच घसरली तर काय आभाळ कोसळलं?’

ती थबकली. ‘तुम्हाला दिसली?’

‘दिसली म्हणजे? तिसऱ्या वळणाला. डावी.’

त्या दिवसात पहिल्यांदाच ती हसली. ‘चला, कुणीतरी बघितलं,’ म्हणाली आणि उतरून गेली. तीच शेवटची भेट. वांगणीला भावाकडे गेली, एवढंच कळलं. साहेबांनी फेकून दिलेला बेल्ट मी उचलून आणला होता. तो दुकानात मशीनच्या वर टांगलाय.

परवा त्या क्लासचे नवे सर आले. पुढच्या रविवारी ग्रेडिंग, त्याची ऑर्डर. सगळ्यांचे बेल्ट. वर बघत म्हणाले, ‘तो ब्लॅक छान शिवलाय. नाव उसवून द्या ना, माझा जुना झालाय.’

माझ्या हातात कात्रीच होती. ती आदळली काउंटरवर. ‘तो विकायचा नाही. जिचा आहे, तिची परीक्षा बाकी आहे अजून.’

‘अहो, ती काय आता परत येणारे?’

‘आधी बघू तरी,’ मी म्हणालो. ‘आणि तुमच्या ऑर्डरचं, ग्रेडिंग झाल्यावर या.’